पाच अर्ज, एक सुकवंती

“मैडम, हमारे गाँव में सुकवंती एक ही है,” कोटवार म्हणाला.

कोटवार म्हणजे गावचा सरकारी निरोप्या. गावात कुणाचं काम तहसिलीत किंवा जिल्ह्यात अडलं की कागद घेऊन हाच निघतो. हा बिरशाकडच्या जंगलातल्या एका गावाहून पहिल्या बसने मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, जिल्ह्याच्या दफ्तरात आला होता. त्याने खिडकीतून एक यादी आत सरकवली. मुलींच्या शाळेसाठी आलेल्या अर्जांची यादी, आमच्याच सॉफ्टवेअरने छापलेली. त्याच्या गावासमोर ओळीने पाच नावं होती आणि पाचही ठिकाणी सुकवंती मरकाम. बापाचं नाव तेच, मार्क तेच, जन्मतारीख तीच. फक्त अर्ज क्रमांक वेगवेगळे.

“बाकी चार लड़कियाँ कहाँ हैं?” मी विचारलं.

“वही तो पूछने आया हूँ.”

प्रश्न बरोबर होता. आणि ते सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं.

मी तेव्हा नागपूरच्या एका लहानशा कंपनीत जावा प्रोग्रॅमर होते. दोन हजार सात-आठचा काळ. मुलींच्या एका निवासी शाळेत सहावीच्या प्रवेशासाठी परीक्षा व्हायची. तिचे अर्ज त्या वर्षीपासून कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले आणि बालाघाटच्या दफ्तराचं काम आमच्याकडे आलं. आमचे बॉस डोंगरे सर मला म्हणाले, “तू तिथलीच आहेस, तुला तिथली भाषा येते, तूच जा.” भाषा म्हणजे हिंदी. हिंदी नागपुरात कुणाला येत नाही? खरं कारण हे की मी आईकडे राहणार आणि कंपनीला लॉज बघावा लागणार नाही.

दफ्तरात अर्ज भरायच्या खिडकीवर देवघरे बाबू बसत. दोन वर्षांत रिटायर होणार होते. ते आणि माझे बाबा पूर्वी एकाच दफ्तरात होते, म्हणून मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला चारचौघांत ‘पोरी’ म्हणायचे. माझ्या कार्डावर प्रोजेक्ट इनचार्ज लिहिलेलं होतं. ते कार्ड मी त्यांना दिलं, त्यांनी वाचलं आणि काचेखाली ठेवून म्हणाले, “बस पोरी, च्या घेतं?”

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. हे समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

अर्ज चार पानांचा होता. पहिल्यावर नाव-गाव, दुसऱ्यावर शाळा आणि मार्क, तिसऱ्यावर दाखले, चौथ्यावर ‘जमा करा’चं बटण. ही वहीची पानं नव्हेत. तुम्ही ‘पुढे’ दाबलं की पान सर्वरकडे जातं, सर्वर पुढचं पान पाठवतो आणि तुम्हाला विसरतो. साफ विसरतो, लग्नात जेवून गेलेल्या पाहुण्यासारखा. म्हणून भरलेली माहिती आम्ही सर्वरवर एका वस्तूत ठेवतो. जावात तिला बीन म्हणतात. काकांना मी डबा म्हणून सांगितलं, तेव्हा इथेही डबाच म्हणू. हा डबा किती वेळ ठेवायचा ते एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. ‘रिक्वेस्ट’ लिहिलं तर एका फेरीपुरता. पान आलं, गेलं, डबा खलास. ‘सेशन’ लिहिलं तर माणूस लॉग-इन झाल्यापासून लॉग-आउट होईपर्यंत डबा जागचा हलत नाही.

मी आधी ‘रिक्वेस्ट’ लिहिलं होतं आणि एका पानावरची माहिती पुढच्या पानावर न्यायला स्वतःची जोडतोड केली होती. पुढे जाताना ती चालायची. मागे आलं की सगळं कोरं.

काका पहिल्याच आठवड्यात वैतागले. “पोरी, दुसऱ्या पानावरून मांगं आलो तं पोरीचं नाव साफ, बापाचं नाव साफ! मी काय दिवसभर एकाच पोरीचं बारसं करत बसू?”

मी फाइल उघडली, ‘रिक्वेस्ट’ खोडून ‘सेशन’ लिहिलं. एक शब्द. पाच मिनिटांचं काम होतं. मी दोन तास लावले, कारण पाच मिनिटांत झालं असं दिसलं की लोकांना वाटतं हे आधीच का केलं नाही. तसं वाटणं चूकही नव्हतं.

“आता पाहा काका.”

काका दुसऱ्या पानावर गेले, मागे आले. नाव जागच्या जागी. “हौ! राह्यलं नं!” त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून पुन्हा पुढे-मागे जाऊन दाखवलं. दफ्तराच्या साहेबांनी केबिनच्या दारातून “बढ़िया” म्हटलं. मी नागपूरला परतले ती कॉलर ताठ करून.

महिन्याभराने अर्जांची मुदत संपली. कच्ची यादी छापायला मी परत बालाघाटला आले, यादी तहसिलींना गेली, आणि मंगळवारी सकाळी हा कोटवार खिडकीत उभा राहिला.

साहेबांनी यादी पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. साहेब भोपाळकडचे. शांत माणूस, पण चष्मा काढला की समोरच्याने सरळ बसायचं असा तिथला रिवाज होता.

“शुक्रवार को फाइनल लिस्ट भोपाल जाएगी,” ते म्हणाले. “डबल नाम कटेंगे. यानी सुकवंती एक बचेगी. बाकी चार का क्या?”

कोटवार दारातच उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. “उसमें एक मेरी भतीजी है, साहब. हिरोंदी. पाँचवीं में पहला नंबर आई है. गाँव में पाँचवीं तक ही है स्कूल.”

पुढची शाळा नाल्याच्या पलीकडे, जंगलातून. मुलींना तिकडे कुणी पाठवत नसे. पाचवी झाली की मुलगी घरी आणि मग मोहफुलं वेचायला. या यादीत नाव असलं तर परीक्षा, नाही तर संपलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ‘संपलं’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

मी कॉम्प्युटरवर बसले आणि पूर्ण यादीत हुबेहूब सारखे अर्ज शोधले. सुकवंती एकटी नव्हती. एका गावात फूलमती चार वेळा होती, दुसऱ्यात एक सुनीता सहा वेळा. हिशेब केला तर सहा गावांतल्या मिळून सत्तावीस मुली गायब होत्या. आणि ते सगळे अर्ज एकाच लॉग-इनने भरलेले. देवघरे काकांच्या.

साहेब म्हणाले, “अगर गलती दफ्तर की है, तो वो फॉर्म टाइम पर भरे ही नहीं गए. अब नहीं ले सकते. और देवघरे जी को कारण बताओ नोटिस. अगर गलती सॉफ्टवेयर की है, तो कंपनी लिखकर दे, मैं उसी पर भोपाल से परमिशन ले लूँगा. आप देख लीजिए किसकी है.”

म्हणजे आता ठरवायचं मी होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी सगळं तपासलं. अर्ज भरला, पुढे गेले, मागे आले, जमा केला. बरोबर. मग वाटलं, काका एका वेळी ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडत असतील. म्हणून स्क्रीनवरच्या चिन्हावर डबल क्लिक करून ब्राउझर दोनदा उघडला. एकात सीता भरली, दुसऱ्यात गीता. दोघी नीट वेगळ्या जमा झाल्या. तेव्हा माझी खात्रीच झाली.

डोंगरे सरांना फोन लावला.

“एकच माणूस, त्याच्याच एन्ट्री,” सर म्हणाले. “युजर एरर आहे. दोन ओळी लिहून दे आणि ये.”

“सर, सत्तावीस मुली आहेत.”

“मग? आपण भरले का त्यांचे फॉर्म?”

मी लिहायला घेतलं. ‘सदर त्रुटी युजर एरर असल्याचे’ इथपर्यंत टाइप केलं आणि काकांकडे गेले. खरं तर कबुली घ्यायला गेले.

“काका, तुम्ही एकच फॉर्म पाच-पाच वेळा जमा केला काय?”

काकांनी हातातला पेन खाली ठेवला. “कोण म्हणते?”

“कॉम्प्युटर म्हणतो.”

“त्याले म्हणा, खोटं नको बोलू.” त्यांचा आवाज चढला. “अठ्ठावीस वर्षं झाले मले या खुर्चीवर. एकाचा कागद दुसऱ्याले लागला नाही आजपावतो. तुह्या बापाले इचार! आणि तू काल आली, अन् मले इचारतं पाच-पाच वेळा काहून जमा केला?”

ते उठून बाहेर गेले. त्यांचा चहा टेबलावर तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरचा माणूस फाइलीत डोकं घालून बसला. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि जास्त काय वाटत होतं ते सांगता येणार नाही.

घरी बाबांना विचारायची गरज पडली नाही, त्यांना आधीच कळलं होतं. बालाघाटात बातमी पायी चालत नाही. बाबा एवढंच म्हणाले, “देवघरे खोटं बोलत नाही. काम कसं करतो ते पाहिलं काय तू?”

मी पाहिलं नव्हतं. ट्रेनिंगच्या दिवशी मी बोलले होते आणि ते ऐकत होते. नंतर मी नागपुरात बसून फोनवर विचारायची, चालू आहे का? ते म्हणायचे, चालू आहे.

बुधवारी सकाळी खुर्ची ओढून त्यांच्या बाजूला बसले. “काका, काल चुकलंच माझं. आज तुम्ही भरा, मी पाहते. त्याच गावाचे अर्ज. जसे भरले होते तसेच.” भरलेलं खऱ्या यादीत जाऊ नये म्हणून मी सॉफ्टवेअर चाचणीवर टाकलं होतं.

काका उठले. कपाटातून त्या गावाचे कागद काढले. एक पिशवी, पिशवीत सुतळीने बांधलेले तीन गठ्ठे. मला वाटलं होतं एकेका मुलीचे कागद एकत्र असतील. नव्हते. एका गठ्ठ्यात पाच मुलींच्या नाव-गावाच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात पाच मार्कशीट, तिसऱ्यात दाखले.

“हे असे काहून बांधले?”

“या सहा गावाईचे कागद कोटवारच आणते, अन् असेच आणते. चिठ्ठ्या गावच्या पटेलाच्या घरी होतात, मार्कशीट मास्तरकडून भेटते, दाखला तहसिलीतून. जिथून जे भेटलं ते बांधते अन् आणते.” त्यांनी पहिला गठ्ठा सोडला. “अन् मी बी तसंच भरतो. आधी सगळ्याईचे नाव. मंग सगळ्याईचे मार्क. मंग दाखले. रजिस्टर होतं तेव्हापासून हेच. एका जातीचे कागद एका वेळी हातात राह्यले तं चूक होत नाही. नाव वाचतावाचता मार्क वाचले, मंग अजून नाव वाचलं, की डोकं फिरते, अन् तिथंच चूक होते.”

चूक होऊ नये म्हणून. हे त्यांनी मला अगदी सरळपणे सांगितलं.

पहिल्या खिडकीत त्यांनी हिरोंदीचं पहिलं पान भरलं, ‘पुढे’ दाबलं. मग डाव्या हाताने कंट्रोल-एन दाबलं. नवी खिडकी उघडली, पासवर्ड न मागता. तीत फूलबाईचं पहिलं पान. पुन्हा कंट्रोल-एन. पाच खिडक्या, पाच नावं, शेवटची सुकवंती. मग परत पहिल्या खिडकीपासून मार्कांची पानं. मग दाखले. मग पाचही खिडक्यांत ‘जमा करा’. प्रिंटरने पाच पावत्या काढल्या. पावतीवर मी फक्त अर्ज क्रमांक छापला होता, जागा वाचावी म्हणून. नाव काकांनी पेनाने लिहिलं: हिरोंदी, फूलबाई, रमोतिन, कौशल्या, सुकवंती. अक्षर सुंदर होतं.

मी यादी उघडली. पाच अर्ज, पाचही सुकवंती.

डबा एक होता. मीच तो सेशनमध्ये ठेवला होता, एका लॉग-इनला एक. खिडक्या पाच असोत की पन्नास. हिरोंदीचं नाव डब्यात गेलं, त्यावर फूलबाईचं, त्यावर रमोतिनचं. शेवटी गेली ती राहिली. मार्कांचं तेच, दाखल्यांचं तेच. जमा करताना पाचही वेळा त्याच डब्यातलं उचललं गेलं. मी चिन्हावर डबल क्लिक करून तपासलं तेव्हा ब्राउझर स्वतंत्र सुरू झाला होता आणि दोन्ही वेळा पासवर्ड मागितला होता. दोन लॉग-इन, दोन डबे. तो दुसऱ्यांदा पासवर्ड मागतोय याकडे मी लक्षही दिलं नव्हतं.

“काका, हे कंट्रोल-एन तुम्हाला कोणी शिकवलं?”

“तूच तं शिकवलं. ट्रेनिंगच्या दिवशी. म्हणे, असं केलं की पासवर्ड पुन्हा टाकायचं काम नाही.”

अग बाई! खरंच शिकवलं होतं. त्यावर लोकांनी मान हलवली होती आणि मला बरं वाटलं होतं.

डोंगरे सरांना पुन्हा फोन.

“सर, चूक आपली आहे. बीन सेशनमध्ये आहे, खिडक्या एकमेकींवर लिहितायत.”

“पाच खिडक्या उघडा असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय का?”

“उघडू नका असंही नाही लिहिलेलं. आणि उघडायला मीच शिकवलंय.”

मग सर म्हणाले, “हे बघ, तू ठीक करून दे, पण लेखी काही देऊ नकोस. एकदा कागदावर आलं की बाकी जिल्ह्यांत आपल्याला दारात कोणी उभं करणार नाही. बारा लोकांची कंपनी आहे गं आपली.”

“लेखी नाही दिलं तर मुलींचे अर्ज घेणार नाहीत.”

“मग तू तुझ्या सहीने दे. पुढे काही झालं तर तुझ्या नावावर.”

सर वाईट माणूस नव्हते. बारा लोकांची कंपनी हेही खरं होतं, आणि त्या बारांत मी होते. पण मी ती कालची फाइल उघडली. ‘सदर त्रुटी युजर एरर असल्याचे.’ त्यातलं ‘युजर’ खोडून तिथे ‘श्री देवघरे’ लिहून पाहिलं. वाक्य मला पुढे लिहवेना. सगळं पुसलं आणि नव्याने हिंदीत लिहिलं, साहेबांना वाचायला सोपं जावं म्हणून. त्रुटी प्रोग्राममध्ये आहे. कर्मचाऱ्याने शिकवल्याप्रमाणेच काम केले. त्याची पद्धत बरोबर होती. सत्तावीस मुलींचे कागद मुदतीत आले होते, पावत्या साक्षीला आहेत. खाली माझी सही.

साहेबांनी चष्मा घालून दोनदा वाचलं. “‘उनका तरीका सही था’, ये भी लिखा है आपने.”

“जी. सही था.”

“ठीक है.” त्यांनी फोन उचलला. मला बसायला सांगितलं नाही, पण जायलाही सांगितलं नाही. दहा मिनिटं भोपाळशी बोलले, त्यातली आठ मिनिटं दुसऱ्याच कामाचं. फोन ठेवून म्हणाले, “शुक्रवार बारह बजे तक.”

दुरुस्ती अवघड नव्हती. एका माणसाला एक डबा न देता एका अर्जाला एक डबा द्यायचा. ‘नवीन अर्ज’ दाबलं की त्या अर्जाला एक टोकन मिळेल, ते टोकन प्रत्येक पानासोबत जाईल, आणि सर्वर त्याच टोकनाचा डबा उघडेल. खिडकी कोणतीही असो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. गुरुवारी दुपारी ते चाललं. मग काकांनी सत्तावीस मुली भरल्या, त्यांच्या पद्धतीनेच, गठ्ठ्यागठ्ठ्याने. साहेबांनी विचारलं, एकेक करून भरायला सांगू का? मी म्हटलं, नको, त्यांना चूक करायला लावू नका. प्रत्येक पानावर मी आता मुलीचं नाव मोठ्या अक्षरात दाखवत होते, पावतीवरही. काका प्रत्येक पावती हातात घेऊन नाव वाचायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

शुक्रवारी साडेअकराला यादी गेली. हिरोंदी, फूलबाई, रमोतिन, कौशल्या, सुकवंती. एकेकदा.

परीक्षा झाली, निकाल लागला. त्या गावच्या पाचांपैकी दोघी लागल्या, हिरोंदी आणि कौशल्या. मला पाचही लागाव्यात असं वाटत होतं. तसं होत नाही. यादीत नाव आणणं आमच्या हातात होतं, तेवढं झालं. कंपनीला दुसऱ्या जिल्ह्याचं काम मिळालं नाही. त्या पत्रामुळे की नाही, कुणी सांगितलं नाही. डोंगरे सर सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. दफ्तराने मात्र एक आदेश काढला की यापुढे कोणीही एकापेक्षा जास्त खिडक्या उघडू नयेत. सॉफ्टवेअर ठीक झाल्यानंतर काढला. काकांनी तो वाचला, सही केली आणि कंट्रोल-एन दाबलं.

त्या शुक्रवारी निघताना काका माझ्या मागे पायऱ्यांपर्यंत आले. “पोरी, ते पत्र देलं नं साहेबाले, त्याची एक झेरॉक्स भेटन काय?”

“काहून काका? दफ्तरात कॉपी आहे नं.”

“दफ्तरासाठी नाही. घरी दाखवतो.” ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. “अठ्ठावीस वर्षांत कागद भल्ले आले माह्या नावानं. माही पद्धत बरोबर होती, असं लिहेल एकही नाही आला.”

मी चौकातून दोन झेरॉक्स काढून आणल्या. एक त्यांना दिली. एक मी ठेवली.

आता नवीन पोरं माझ्याकडे शिकायला येतात आणि विचारतात, मॅडम, बीन रिक्वेस्टमध्ये ठेवायचा की सेशनमध्ये? मी म्हणते, आधी जाऊन भरणाऱ्याच्या शेजारी तासभर बसा आणि तो कागद कोणत्या क्रमाने उचलतो ते पाहा, मग विचारा. आणि रिपोर्टमध्ये ‘युजर एरर’ लिहायचं असेल तर ‘युजर’च्या जागी एकदा त्या माणसाचं नाव लिहून पाहा. त्यानंतरही वाक्य पूर्ण करता आलं, तर खुशाल पाठवा.